अर्धी भरलेली टाकी

जुने घर, जुनी मोटार किंवा जुनी होडी घ्यायची झाली की घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला सोबत नेण्याची रीत आमच्या गोव्यात अजून टिकून आहे. त्या माणसाला वस्तूतले काही कळावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. त्याने गंभीर मुद्रेने दोन-चार प्रश्न विचारावेत, कागदपत्रे उलटून पाहावीत आणि निघता निघता किंमत थोडी खाली आणावी, एवढेच त्याचे कार्य. राज्य सरकारच्या सेवेत ३४ वर्षे काढल्यामुळे आमच्या गोतावळ्यात हे कार्य हटकून माझ्या वाट्याला येते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला सगळे कायदे पाठ असतात, हा समज मीही आता दूर करीत नाही.

माझा भाचा ७ वर्षे परदेशी प्रवासी जहाजावर नोकरीला होता. जहाजाच्या पगारावर उभी राहिलेली घरे गोव्यात गावोगावी आहेत; बहिणीचे घर त्यांपैकीच एक. ती नोकरी सोडून तो परतला तो एक बेत मनाशी धरूनच. चोडणच्या खारफुटीत पक्षी पाहायला येणाऱ्यांना होडीतून फिरवायचे. गर्दी नको, कर्णे नकोत. चार-सहा माणसे, पहाटेची वेळ आणि मंद चाललेले मशीन. बेत मला आवडला. मात्र त्यासाठी ७ वर्षांची शिल्लक एका जुन्या होडीत घालायची होती. माझ्या बहिणीने मला एकच प्रश्न विचारला, "दादा, माणसे आत बसलेली असताना मशीन मध्येच बंद पडले तर?" पुढे जे सारे घडले ते मी या एका प्रश्नाच्या अनुरोधानेच पाहत गेलो.

होडी शिवोलीला, शापोरा नदीच्या काठी एका शेडमध्ये होती. १९ फूट लांबीची, फायबरची, मागे ६० अश्वशक्तीचे फोर स्ट्रोक मशीन. मालक सज्जन गृहस्थ. मुलगा परदेशी स्थायिक झाल्यामुळे होडी २०२४ च्या मे महिन्यात वर काढून ठेवली ती तशीच राहिली. आम्ही पाहायला गेलो ते २०२५ च्या दिवाळीनंतर. म्हणजे मध्ये दोन पावसाळे गेले होते. होडी मात्र पुसूनपासून लख्ख ठेवलेली. कागदपत्रेही व्यवस्थित. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा आता अंतर्देशीय नौकांच्या २०२१ च्या कायद्याने घेतली आहे. बंदर कप्तान खात्यातली नोंद, मालकीचे हस्तांतर, विमा हे सारे मी शांतपणे पाहिले. किंमत ४ लाख सांगितली होती.

निघता निघता मालक म्हणाले, "टाकी अर्धी भरलेली आहे. ६० लिटर तरी असेल. त्याचे पैसे नकोत मला, ते पेट्रोल तुमचेच."

भाच्याचा चेहरा खुलला. होडी मांडवीत आणायची तर एक वाट रस्त्याची, ट्रेलरवरून. तिला भाडे पडणार. दुसरी वाट दर्याची. शापोऱ्याच्या मुखाशी असलेला वाळूचा बांध ओलांडायचा, वागातोर-हणजुण्याचे खडक डावीकडे ठेवून दक्षिणेस वळायचे, कळंगुट, कांदोळी मागे टाकून आग्वादच्या किल्ल्याला वळसा घातला की मांडवी. "मामा, पेट्रोल आहेच. आजच घेऊन जातो," तो म्हणाला. फुकट मिळालेल्या पेट्रोलावर, दोन पावसाळे झोपलेले मशीन घेऊन, तो खडकांच्या कडेने दर्यात उतरायला निघाला होता.

त्याला थांबवले ते सोबत आलेल्या मेस्त्रींनी. मालिमच्या धक्क्यावर होड्यांची मशीने दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. ते कोंकणीत बोलले. मी त्यांचे बोलणे मराठीत देतो. होडीचा रंग, खुर्च्या, सुकाणू यांकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "टाकी कसली? फायबरची की ॲल्युमिनियमची?" आणि दुसरा, "आतले पेट्रोल कधीचे?"

पहिल्या प्रश्नामागे एक इतिहास आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि कनेटिकट या राज्यांनी २००४ च्या आरंभी पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई नावाचे रसायन बंद केले आणि त्याच्या जागी इथेनॉल आले. त्यानंतर तिथल्या काही जुन्या, नामांकित बोटींची मशीने एकाएकी बिघडू लागली. शोध घेता कळले की त्या बोटींच्या टाक्या फायबरच्या होत्या आणि त्या काळचे रेझिन इथेनॉलमध्ये विरघळत होते. विरघळलेले रेझिन पेट्रोलबरोबर इंजिनात जाऊन झडपांवर काळे, चिकट थर बसत. बाहेरून बोट देखणी आणि आतून टाकीच पाझरते आहे, अशी ती अवस्था. आमच्या सुदैवाने या होडीची टाकी ॲल्युमिनियमची निघाली. पण तीही होडीच्या तळफळीखाली बंदिस्त. गाडीची टाकी वाकून तरी पाहता येते. होडीची टाकी पाहायची तर झाकण उघडून विजेरी आत घालावी लागते.

मेस्त्री टाकीकडे वळले तेव्हा मी मशीनची पुस्तिका वाचायला घेतली. नोकरीत मी दुसरे काही शिकलो नसेन. छापील मजकूर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची सवय मात्र जडली. इंधनाच्या प्रकरणात बारीक अक्षरांत एक वाक्य होते: पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक नसावे. होडीच्या मशीनांच्या पुस्तिकांत ही मर्यादा सर्रास आढळते. अमेरिकेत १५ टक्क्यांचे पेट्रोल जिथे विकतात तिथे पंपावर नारिंगी पट्टी लावून ते होड्यांत वापरू नये असे लिहिण्याचा नियमच आहे. आणि आपल्या पंपावर आज मिळते ते २० टक्क्यांचे.

यात बिघडते काय, हे मेस्त्रींनी मला ज्या रीतीने समजावले ती रीत विज्ञानाच्या पुस्तकाला शोभण्यासारखी होती. त्यांनी सोबत काचेची एक जुनी दुधाची बाटली आणली होती, लहान मुलांची, अंगावर मापाच्या रेघा असलेली. तीत त्यांनी ५० मिलीलिटर पाणी घेतले आणि वर पंपावरून त्याच दिवशी आणलेले १५० मिलीलिटर पेट्रोल ओतले. बूच लावून बाटली हलवली आणि फळीवर ठेवली. थोड्या वेळाने पाण्याची रेघ ५० वर नव्हती. ती ८० च्या आसपास चढली होती. "हे वरचे ३० म्हणजे दारू," मेस्त्री म्हणाले. "पेट्रोलमध्ये होती, पाणी दिसले तशी तिकडे गेली. सायबा, दारूला पाण्याचीच ओढ." फेणीच्या मुलखात हे वाक्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पेट्रोल आणि पाणी यांचे मुळात जमत नाही. पूर्वी टाकीत थोडे पाणी शिरले तर ते तळाशी वेगळे बसे आणि काढून टाकता येई. इथेनॉलचे दोघांशीही सख्य. १० टक्क्यांचे मिश्रण लिटरमागे साधारण एक चहाचा चमचा पाणी सामावून घेते. इथेनॉल वाढले की हे सामर्थ्यही वाढते. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाण्यासह तळाशी जाऊन बसते. इंजिनाला पेट्रोल पुरवणारी नळी नेमकी तळाजवळ पोचलेली असते. म्हणजे मशीन सुरू केले की पहिला घोट त्या पाणीमिश्रित मद्यार्काचा. वर उरलेले पेट्रोलही धड राहत नाही. इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन उतरतो. टू स्ट्रोक मशीनमध्ये तर आणखी वाईट. तिथे वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. तळाच्या थरात ते नसतेच, आणि मशीन कोरडे फिरते.

मोटारीत हे सहसा घडत नाही, कारण मोटारीची टाकी बंद असते आणि आठ-पंधरा दिवसांत पेट्रोल बदलते. होडीची टाकी मात्र हवेशी जोडलेल्या नळीतून श्वास घेत असते. दिवसा तापते, रात्री निवते, आत दमट हवा खेचते. वर पेट्रोल भरायच्या तोंडाशी असलेली रबरी कडी कडक झाली असेल तर पावसाचे पाणी थेट आत उतरते. वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात दोन पावसाळे म्हणजे काय, हे मी निराळे सांगायला नको. मेस्त्रींनी हातपंपाची नळी टाकीच्या तळाशी सोडून बाटलीभर नमुना काढला. बाटलीत दोन थर उभे राहिले. वरचा जुनाट पिवळा, आणि खाली गढूळ, ताकाच्या निवळीसारखा. मालकांनी ते पाहिले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "मला याची कल्पनाच नव्हती." खरोखरच नसणार. होडी त्यांनी पुसली होती. टाकी पुसता येत नाही.

मग मेस्त्रींनी जे केले ते जुनी होडी घेणाऱ्या प्रत्येकाने करण्यासारखे आहे. होडीच्या टाकीची नळी त्यांनी सोडवली, बरोबर आणलेल्या लहान सुट्या टाकीत ताजे पेट्रोल घेतले, नवी नळी जोडली आणि मशीनला पाण्याची सोय करून ते त्या सुट्या टाकीवर सुरू केले. दोन-तीनदा खोकून मशीन लागले आणि पंधरा मिनिटे एका लयीत चालले. मशीन बरे आहे, आजार टाकीत आणि नळ्यांत आहे, हे त्यातून ठरले. उलट रीतीने, म्हणजे टाकीतल्या पेट्रोलवर, ते सुरू करायचा प्रयत्न केला असता तर तो गढूळ थर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांपर्यंत पोचला असता. मशीन कदाचित लागलेही असते, आणि वाळूच्या बांधावर लाटांत नेऊन बंद पडले असते. बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर त्या बाटलीत दोन थरांत उभे होते.

जुन्या नळ्याही मेस्त्रींनी कापून दाखवल्या. हाताने दाबायचा रबरी फुगा आतून चिकट झाला होता आणि नळीचे अस्तर पापुद्र्यांनी सुटत होते. चांगल्या सागरी नळीच्या अंगावर तिची प्रत आणि वर्ष छापलेले असते; ते वाचावे आणि जुनी दिसली तर बदलावी. इथेनॉल हे उत्तम द्रावकही आहे. वर्षानुवर्षे टाकीच्या भिंतींना धरून राहिलेला कीट ते सोडवते आणि गाळणीकडे पाठवते. म्हणून जुन्या होडीत पहिल्या काही महिन्यांत गाळण्या वारंवार बदलाव्या लागतात आणि एक तरी जादा गाळणी होडीत ठेवावी लागते.

एवढे ऐकल्यावर कोणी इथेनॉलला शिव्या देऊ लागेल. मला ते मान्य नाही. हे धोरण एका रात्रीत आलेले नाही. मळीपासून काढलेला मद्यार्क इंधनात मिसळण्यासाठी १९४८ सालीच आपल्याकडे स्वतंत्र कायदा झाला होता. तो पुढे २००० साली रद्द झाला. २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ प्रायोगिक मिश्रण झाले. जानेवारी २००३ पासून ९ राज्यांत ५ टक्के मिश्रण ठरले. त्या ९ राज्यांत गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात आणि आंध्र प्रदेश होते. म्हणजे या पत्रिकेच्या बेळगाव, बडोदे आणि हैदराबादच्या वाचकांशी या गोष्टीचा संबंध तेव्हापासूनचा आहे. १० टक्के २०२२ च्या जूनमध्ये गाठले गेले आणि २० टक्के २०२५ मध्ये. उसाच्या पट्ट्यात ज्याचे सोयरे आहेत त्याला ठाऊक आहे की इथेनॉलच्या पैशामुळे कारखान्यांच्या हाती रोख आली आणि उसाची बिले चुकती व्हायला मदत झाली. बाहेरून आणाव्या लागणाऱ्या तेलात तेवढी घट झाली, हेही खरे.

मात्र ३४ वर्षे फायली हाताळल्यावर एक गोष्ट माझ्या अंगवळणी पडली आहे. कोणतेही धोरण सरासरी माणसासाठी लिहिले जाते. जो सरासरीत बसत नाही त्याने स्वतःचे पाहायचे असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात या मिश्रणामुळे जुन्या रचनेच्या चारचाकींची इंधनक्षमता ६ ते ७ टक्के आणि दुचाकींची ३ ते ४ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. जुन्या वाहनांसाठी १० टक्क्यांचे पेट्रोल राखून ठेवावे अशी शिफारसही होती. आमच्या पंपावर तरी आज अशी निवड उरलेली नाही. आणि सारी चर्चा चालते ती मोटारी आणि दुचाकींची. होड्या संख्येने किती! पण रस्त्यावर बंद पडलेली मोटार कडेला लावता येते. नदीच्या मुखाशी कडा नसते.

शिवाय होडीच्या मशीनला विसावा नाही. मोटार सपाटीवर धावते, उतारावर सुटते; होडी मात्र सतत पाणी ढकलत असते, जणू चोर्ला घाट अखंड चढते आहे. किलोभर पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. नव्या मशीनांत हे मोजून इंधन वाढवण्याची यंत्रणा असते. जुन्या कार्ब्युरेटरचे छिद्र मात्र ठरलेल्या मापाचे. त्यातून गेलेले २० टक्क्यांचे मिश्रण मशीनला कमी पडते आणि भराने चालवताना ते अधिक तापते. लिटरभर इथेनॉलमधली ऊर्जाही पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच. म्हणून नावाड्यांचा जुना हिशेब, एक तृतीयांश इंधन जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव, आता अधिक कसोशीने पाळावा लागतो.

व्यवहार शेवटी झाला. टाकी रिकामी करून धुणे, सर्व नळ्या, पाणी अडवणारी नवी गाळणी, भरण्याच्या तोंडाची कडी, कार्ब्युरेटरची सफाई आणि वीस टक्क्यांच्या मिश्रणाला जुळतील अशी छिद्रे, या साऱ्याचा अंदाज मेस्त्रींनी कागदावर लिहून दिला. तो सुमारे ७० हजारांचा होता. मी तो कागद मालकांपुढे ठेवला. त्यांनी घासाघीस न करता किंमत तेवढी उतरवली. वाटाघाटीचे श्रेय गोतावळ्याने मला दिले. खरे श्रेय दुधाच्या बाटलीचे. ते ६० लिटर पेट्रोल नदीत वा मातीत जाऊ नये म्हणून डब्यांत भरून वर्कशॉपच्या टाकाऊ तेलाबरोबर अधिकृत उचल करणाऱ्याकडे दिले. होडी ट्रेलरवरून रस्त्याने मांडवीकाठी आली. भाड्याचे पैसे भाच्याने कुरकुर न करता मोजले.

सर्व करूनही पुस्तिकेतले १० आणि पंपावरचे २० यांतले अंतर मिटत नाही, हे भाच्याने डोळ्यांआड केलेले नाही. सध्या तो नदीबाहेर जात नाही, मशीन पूर्ण वेगाने पळवत नाही, होडीत वल्ही आणि नांगर ठेवतो, आणि धंदा स्थिरावला की २० टक्क्यांसाठीच घडवलेले मशीन घ्यायचे म्हणून दरमहा रक्कम बाजूला काढतो. बहिणीला मी हे सारे जसेच्या तसे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवायची, हे त्याच्याकडून लिहून घे."

तिचे म्हणणे मला फार मार्मिक वाटले. पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. तांदूळ, सुकी मासळी, कोकम, मिरच्या, लाकडे, सारे मे महिन्यात भरून ठेवायचे. आमच्या पिढीने पेट्रोलही याच भावनेने साठवले. टाकी भरलेली असली की घर भरल्यासारखे वाटे, आणि लोखंडी टाकी भरलेली ठेवली तर गंजत नाही हा अनुभवही होता. आताचे पेट्रोल धान्याच्या कोठारात बसणारे नाही. त्याची जात दुधाची. लागेल तेवढे आणावे आणि वेळेत संपवावे. मे महिन्याच्या अखेरीस होडी वर काढली की टाकी पूर्ण उपसून कोरडी करायची आणि नळ्यांतले उरलेसुरले मशीन चालवून जाळून टाकायचे, असा नियम भाच्याने शेडच्या दारावर रंगवून ठेवला आहे.

इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना होड्यांशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण आपल्या जुन्या वाड्यांच्या चौकात वडिलांची स्कूटर झाकून ठेवलेली असते. जिन्याखाली वीज गेल्यावर लावायचा पेट्रोलचा जनित्र-संच असतो. वर्षातून दोनदा त्यांना हात लागतो. त्यांच्याही टाकीत कधी काळी कोणीतरी भरलेले अर्धेमुर्धे पेट्रोल असते, आणि मुलगा सुट्टीवर आला की तेच पेट्रोल घेऊन आजोबांची स्कूटर सुरू करायला बघतो. त्याला थांबवून आधी टाकी रिकामी करायला सांगावी. आणि कोणी अशी जुनी वस्तू घ्यायला निघाला, तर रंग आणि किंमत यांच्याही आधी मेस्त्रींचे ते दोन प्रश्न त्याच्या हाती द्यावेत: टाकी कसली, आणि आतले पेट्रोल कधीचे?